जुन्या ब्रिटिश गाडीचा डिपर : एक दिवा खाली झुकतो, दुसरा विझतो. वायरिंग चुकलंय की मूळचंच असं आहे?

कार्बाइड_दिवा
गाडी १९३६ ची ब्रिटिश सलून, १२ व्होल्ट, हेडलाइट लुकासचे, आतलं बहुतेक सामान मूळचं दिसतंय. फूट-स्विच दाबला की ड्रायव्हर साइडचा (उजवा) दिवा पूर्ण विझतो. क्लीनर साइडच्या (डाव्या) दिव्यात आतला रिफ्लेक्टर खट्‌कन खाली आणि डावीकडे झुकतो. तीन-चार वेळा डिपर मारला की झुकणं बंद होतं आणि रिफ्लेक्टरमागचा छोटा फ्यूज उडालेला सापडतो. क्लीनर साइडच्या बल्बची वायर फूट-स्विचकडे जातच नाही, थेट लाइट-स्विचवरून येते. इलेक्ट्रिशियनच्या मते कुणीतरी वायरिंगची वाट लावली आहे, सगळं उपटून दोन्हीकडे एच४ (आजकालचे हॅलोजन) बसवू.
प्रश्न दोनच. हे मूळचं असंच आहे का? आणि रात्री चालवण्याजोगी करायची तर काय बदलायचं, काय ठेवायचं?

तिसरा_ब्रश
वायरिंग बरोबर आहे. उपटू देऊ नका.

ही लुकासची त्या काळची नेहमीची पद्धत. दोन्ही हेडलाइटमध्ये एकाच फिलामेंटचे बल्ब. फूट-स्विच दोन जागांमध्ये अदलाबदल करतो : एका जागी ड्रायव्हर साइडचा बल्ब, दुसऱ्या जागी क्लीनर साइडच्या रिफ्लेक्टरमागचं सोलेनॉइड (करंट मिळाला की रिफ्लेक्टर ओढणारं विद्युतचुंबक). क्लीनर साइडचा बल्ब दोन्ही वेळा पेटलेलाच राहायचा असल्यामुळे त्याची वायर स्विचमधून जायचं कारणच नाही. डिपर मारला की समोरच्याच्या जवळचा दिवा बंद होतो आणि लांबचा दिवा रस्त्याच्या कडेकडे वळतो. ब्रिटनमध्ये वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून झुकणं डावीकडे.

त्याआधीच्या मोठ्या गाड्यांवर तर अख्खे दिवेच झुकायचे. लंडनच्या बार्कर या बॉडी बांधणाऱ्या कंपनीची पद्धत प्रसिद्ध आहे : दोन्ही दिवे एका आडव्या दांड्यावर, दांडा सळईने ड्रायव्हरजवळच्या लिव्हरला जोडलेला. लिव्हर ओढला की दिवे जमिनीकडे बघतात. रोल्स-रॉइस, बेंटलीवर ते दिसतं. तिथे बिघडायला वीज नाहीच. बिघडतात ते सांध्यांतले पिन. पिन झिजले की खडबडीत रस्त्यावर उजेड नाचतो. पिन नवे टाका, भोकं बुशिंग मारून मापात आणा, वरचा-खालचा स्टॉप नीट लावा, काम संपलं.

युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून, दोन्ही दिव्यांत दुहेरी फिलामेंट आणि दोन्ही दिवे एकदम डिप ही पद्धत रुळली. तुमची गाडी मधल्या टप्प्यातली आहे.

कार्बाइड_दिवा
हे कळलं. मग फ्यूज का उडतो?

तिसरा_ब्रश
सोलेनॉइडला दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, जोराने ओढणारी. ती बराच करंट खाते. दुसरी बारीक तारेची, फक्त धरून ठेवणारी. रिफ्लेक्टर पूर्ण झुकला की शेवटच्या टप्प्यात एक छोटा कॉन्टॅक्ट उघडतो, धरून ठेवणारी गुंडाळी सर्किटमध्ये येते आणि करंट एकदम खाली येतो. रिफ्लेक्टर पूर्ण झुकलाच नाही, किंवा झुकूनही कॉन्टॅक्ट उघडला नाही, तर ओढण्याचा मोठा करंट वाहतच राहतो. तेव्हा गुंडाळी जळण्याआधी उडावा म्हणूनच तो फ्यूज तिथे आहे. त्या जागी जाड तार वळवून बसवणारे महाभाग आहेत. त्यांची गुंडाळी काळी झालेली सापडते.

तपासायचं असं :
१. दिवा उघडा, रिफ्लेक्टर हाताने झुकवा. पूर्ण प्रवास अडखळ न होता व्हायला हवा आणि सोडल्यावर स्प्रिंगने लगेच परत यायला हवा. नव्वद वर्षांचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, बहुतेक दुखणं इथेच.
२. पिव्हट पेट्रोलने धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. प्लंजर ज्या नळीत सरकतो ती मात्र कोरडी ठेवा. तिथे तेल दिलं की धूळ बसून तीच लापशी परत तयार होते.
३. कॉन्टॅक्ट बघा. खड्डे पडले असतील तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून एक-दोनदा ओढा, मग स्वच्छ कापड. झुकलेल्या अवस्थेत दोन टोकांमध्ये स्पष्ट फट दिसली पाहिजे. नसेल तर पत्ती किंचित वाकवा.
४. दिवा टेबलावर ठेवून १२ व्होल्टच्या बॅटरीवर, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज आणि अँमीटर टाकून चालवा. काटा उसळी मारून लगेच खाली आला पाहिजे. वरच थांबला तर सेकंदभरात सोडा आणि पुन्हा पायरी १ पासून.
५. रिफ्लेक्टरसोबत हलणाऱ्या वायरचं कापडी वेष्टण वाळून कडक झालं असेल तर ती वायरच रिफ्लेक्टरला अडवते. बारीक तारांची मऊ वायर घाला आणि ऐसपैस वळसा ठेवा.

सोलेनॉइडला प्लस-मायनसचा फरक पडत नाही. गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस चेसिसला जोडलेलं) असो की निगेटिव्ह, ते ओढणारच.

आगाऊ_पाहुणा
म्हणजे दुरुस्त केल्यावरही डिपरवर एकच दिवा, तोही डावा. समोरच्याला वाटणार मोटारसायकल आली, आणि तो आपल्या बॉनेटच्या उजव्या कोपऱ्याला खेटून जाणार.

बॉनेट_उघडा
अगदी बरोबर. बदल करण्याचं खरं कारण हेच आहे, 'उजेड कमी पडतो' हे नंतरचं. गाडीची उजवी बाजू अंधारात ठेवून आजच्या हायवेवर जाऊ नये. निदान साइडलाइट तरी दोन्ही पेटलेले हवेत.

प्रदर्शनापुरती किंवा दिवसाच्या रॅलीपुरती गाडी असेल तर मूळ यंत्रणा दुरुस्त करून तशीच ठेवा. रात्री चालणार असेल तर दोन्ही दिवे दुहेरी फिलामेंटचे करा, पण एकही भोक न पाडता, आणि सोलेनॉइड जागेवर ठेवून. लुकासचे पी१०० हे मोठे दिवे असतील तर हे दुप्पट लागू, त्या दिव्यांना आज गाडीच्या हिशेबात मोठी किंमत येते.

बदलाचा क्रम :

अ) सोलेनॉइडची वायर सोडवा, टोक इन्सुलेट करून दिव्यातच ठेवा. रिफ्लेक्टरला स्प्रिंग वरच्याच जागी धरून ठेवते. थरथरत असेल तर मागून अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी अडकवा. सोल्डर-वेल्डिंग नको, उद्या काढता आलं पाहिजे.

आ) होल्डर ओळखा. बहुतेक वेळा १५ मिलिमीटरची बेयोनेट टोपी सापडते. तळाला एकच टोक असेल तर बीए१५एस, दोन टोकं असतील तर बीए१५डी. दोन टोकं दिसली म्हणून खूश होऊ नका. जुन्या बल्बात एकच फिलामेंट असून त्याची दोन टोकं दोन कॉन्टॅक्टवर आणलेली असतात, एका वायरने फीड आणि दुसरीने अर्थ. त्या होल्डरात दुहेरी फिलामेंटचा बल्ब तसाच घातला तर एक कॉन्टॅक्ट आधीच अर्थला बांधलेला असल्यामुळे डिपर मारताक्षणी शॉर्ट. ती अर्थची वायर कॉन्टॅक्टवरून काढून होल्डरच्या बाहेरच्या नळीला जोडायची.

इ) त्या नळीपासून दिव्याच्या बॉडीला आणि तिथून चेसिसला स्वतंत्र अर्थ वायर. हलणाऱ्या रिफ्लेक्टरच्या पिव्हटमधून अर्थ मिळतो असं समजून सोडून देऊ नका. मिळतो, पण तेल आणि गंज यांच्या मर्जीने.

ई) फूट-स्विचची ड्रायव्हर साइडच्या बल्बला जाणारी वायर आता दोन्ही अप्पर (लांब झोताच्या) फिलामेंटना. सोलेनॉइडला जाणारी वायर दोन्ही डिप फिलामेंटना. क्लीनर साइडच्या बल्बची लाइट-स्विचवरून येणारी थेट वायर बंद करून गुंडाळून ठेवा. ती विसरली तर एक अप्पर कायम पेटलेला राहील.

उ) सोलेनॉइडची वायर बारीक असते. आता तिच्यातून दोन डिप फिलामेंट, ३५ वॅटचे धरले तरी ७० भागिले १२ म्हणजे जवळपास ६ अँपिअर जाणार. ती नवीनच ओढा, २ चौरस मिमी.

ऊ) १२ व्होल्ट ३५/३५ वॅटचे बीए१५डी बल्ब मिळतात, हॅलोजनमध्येही. इथल्या दुकानात 'टू-व्हीलरचा ३५/३५' म्हणून जो हातात देतात तो बहुधा २० मिमी टोपीचा, बीए२०डी. होल्डर बदलायच्या भानगडीत पडण्याआधी टोपीला कॅलिपर लावा.

पितळी_काठ
वरच्या पायऱ्यांत एक गंमत राहिली, आणि बहुतेकांचे दोन दिवस तीच खाते. बीए१५डीच्या दोन्ही खुंट्या समान उंचीवर असतात, म्हणजे बल्ब उलटाही तितकाच छान बसतो. बल्बचं अप्पर फिलामेंट फोकसवर असतं, डिपचं त्याच्या थोडं वर. पॅराबोला रिफ्लेक्टरमध्ये उजेडाचा उगम वर सरकवला की झोत खाली जातो, उजवीकडे सरकवला की डावीकडे जातो. बल्ब अर्धा वेढा फिरवून बसवला की डिपचं फिलामेंट फोकसच्या खाली येतं आणि तळाचे कॉन्टॅक्टही अदलाबदल होतात. लक्षण ठरलेलं : 'डिपर'वर झोत सरळ पुढे, 'अप्पर'वर झाडांच्या शेंड्यावर. लोक फूट-स्विचच्या वायरी उलटसुलट करत बसतात, त्याने फक्त चुकीचं नाव बदलतं. बल्ब काढा, अर्धा वेढा फिरवा, परत घाला.

डिप खाली न जाता सरळ बाजूला जात असेल तर होल्डरच्या खाचा पाव वेढा फिरलेल्या आहेत. होल्डरचा क्लिप-स्क्रू ढिला करून नळीच फिरवा.

त्याच स्क्रूने फोकसही लागतो. या जुन्या दिव्यांत बल्ब मागे-पुढे सरकवता येतो. सात-आठ मीटरवर भिंत, दुसरा दिवा फडक्याने झाकलेला, अप्पर चालू. नळी हळूहळू मागे-पुढे करा. मध्ये काळा डाग असेल तर फोकस चुकलाय. डाग जाऊन उजेड सगळ्यात लहान आणि एकसंध दिसतो तिथे स्क्रू आवळा. नव्या बल्बात फिलामेंटची उंची मूळ बल्बापेक्षा वेगळी असते, त्यामुळे बल्ब बदलला की फोकस पुन्हा लावावाच लागतो.

सहा_व्होल्ट
ऑस्टिन सेव्हनवाल्यांसाठी हिशेब वेगळा आहे, तो इथेच लिहून ठेवतो. ६ व्होल्टवर ३५/३५ चे दोन बल्ब म्हणजे ७० भागिले ६, सुमारे १२ अँपिअर. तीन ब्रशचा (रेग्युलेटर नसलेला, जुन्या पद्धतीचा) छोटा डायनमो साधारण ८ ते १० च देतो. म्हणजे दिवे लावल्यापासून बॅटरी उपसायला सुरुवात. मूळचे २४ वॅटचे बल्ब ठेवले तर दोघांचे मिळून ८ होतात, आणि डायनमो कसाबसा पुरतो.

त्यामुळे ६ व्होल्टवर वॅट वाढवण्याच्या आधी ड्रॉप (वायरी आणि जोडांत वाया जाणारं व्होल्टेज) काढा. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड ३० टक्के घटतो. ६ व्होल्टवर १० टक्के म्हणजे फक्त ०.६ व्होल्ट, आणि तेवढा ड्रॉप एका गंजलेल्या बुलेट-कनेक्टरमध्ये सहज मिळतो. १२ व्होल्टच्या गाडीपेक्षा वायर दुप्पट छेदाची घ्या, आणि दर दिव्याला वेगळा अर्थ.

अजून एक. तीन ब्रशच्या डायनमोवर इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनमो चार्ज करतो का' बघू नका. अशा डायनमोचं व्होल्टेज बॅटरीच धरून ठेवते. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि पेटलेले सगळे बल्ब एका दमात जातात.

कार्बाइड_दिवा
ड्रॉप मोजायचा कसा? दिवा बंद असताना बल्बवर पूर्ण १२ दाखवतो.

तिसरा_ब्रश
दिवा बंद असताना करंटच नाही, मग ड्रॉप कुठून दिसणार? दिवा पेटलेला हवा, बल्ब जागेवर हवा.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. एक काडी बॅटरीच्या अर्थ नसलेल्या खांबावर, दुसरी बल्बच्या फीड कॉन्टॅक्टवर. जे दिसेल तो फीडच्या वाटेतला एकूण ड्रॉप. १२ व्होल्टच्या गाडीत ०.५ पेक्षा जास्त असेल तर काम करायला हवं. मग एक काडी बॅटरीच्या अर्थ खांबावर, दुसरी बल्बच्या पितळी टोपीवर : ०.२ च्या आत हवं. आकडा मोठा आला की दुसरी काडी एकेक टप्पा मागे आणा. फूट-स्विचचं आत येणारं टोक, बाहेर जाणारं टोक, लाइट-स्विच, अँमीटर. जिथे आकडा एकदम पडतो तिथेच रोग.

बहुतेक वेळा तो फूट-स्विचमध्येच असतो. पायाखाली, ओल्या फ्लोअरबोर्डवर, चिखलात. रिव्हेट काढून आत साफ करता येतो, पण युद्धानंतरच्या गाड्यांना बसणारा नवा स्विच स्वस्तात मिळत असेल तर त्यात वेळ घालवू नये असं माझं मत. १९३६ चा मूळ स्विच असेल तर मात्र घालवावा.

बॉनेट_उघडा
आणि स्विच वाचवायचा तर रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच. दोन घ्या, अप्परला एक, डिपला एक. फूट-स्विचमधून मग फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, तो एका अँपिअरच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

फीड बॅटरीच्या खांबावरून घेऊ नका. डायनमोचा करंट अँमीटरमधून बॅटरीकडे येतो. दिवे बॅटरीच्या बाजूने घेतले की दिव्यांचा लोड अँमीटरवर 'चार्जिंग' म्हणून दिसतो आणि तुम्ही निर्धास्त राहता. लुकासचा आरबी१०६ कंट्रोल बॉक्स (डायनमोचं चार्जिंग सांभाळणारा) असेल तर ए१ टर्मिनलवरून घ्या, रेग्युलेटरलाही दिव्यांचा लोड कळतो. जुन्या तीन ब्रशच्या गाडीत अँमीटरच्या बॅटरी नसलेल्या बाजूवरून.

वायर : फीडला ४४/०.३० (०.३० मिमीच्या ४४ तारा), म्हणजे ३ चौरस मिमी. दिव्यांना २८/०.३०, म्हणजे २ चौरस मिमी, १७.५ अँपिअरपर्यंत चालते. कॉइलला १४/०.३० पुरते. रंग लुकासचेच ठेवा : निळी म्हणजे डिप-स्विचपर्यंतचं फीड, निळी-पांढरी अप्पर, निळी-लाल डिप, काळी अर्थ. उद्या दुसरा कुणी बॉनेट उघडेल तेव्हा त्याला शिव्या द्याव्या लागणार नाहीत.

फ्यूज चार, प्रत्येक फिलामेंटला एक. ३५ ते ४५ वॅटला ७.५ अँपिअर, ५५-६० वॅटला १०. दोन्ही डिपना एकच फ्यूज टाकला तर घाटात एका दिव्याची वायर घासून शॉर्ट झाली की समोर मिट्ट काळोख. मुळात या गाड्यांत हेडलाइटला बरेचदा फ्यूजच नसायचा, त्यामागचा विचार हाच.

जुना काचेचा लुकास फ्यूज '३५' लिहिलेला असला तर तो उडण्याचा आकडा आहे, सतत चालण्याचा १७.५. त्याच्या जागी आजचा ३५ चा ब्लेड फ्यूज टाकला की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते.

पितळी_काठ
पॉझिटिव्ह अर्थवाल्यांनी रिले घेताना बाजूवरची आकृती बघा. कॉइलला आडवा डायोड असेल तर ८५ आणि ८६ या कॉइलच्या टोकांना दिशा असते. पॉझिटिव्ह अर्थवर उलटे जोडावे लागतात, नाहीतर डायोड फुंकला जातो. डायोडऐवजी रेझिस्टर असेल किंवा काहीच नसेल तर कसेही जोडा. लुकासचा जुना ६आरए रिले मिळाला तर त्यावर डब्ल्यू१, डब्ल्यू२ कॉइलचे आणि सी१, सी२ कॉन्टॅक्टचे, त्याला दिशा नाही. शिवाय बॉनेटखाली तो शोभतो.

मायनर_मेजर
लँडमास्टर आणि मॉरिस मायनरचं पण सांगा ना. त्यात झुकणारं काही नाही, दोन्ही दिवे डिप होतात, पण उजेड पिवळा आणि पसरट. एच४ घालायचा विचार आहे.

बॉनेट_उघडा
लँडमास्टर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची सिरीज २, त्यामुळे दिवे त्याच घराण्यातले. सात इंची लाइट-युनिट, काचेवर चौकोनी कापे, मागे ब्रिटिश प्रीफोकस बल्ब. त्याला बीपीएफ म्हणतात. रुंद चकती, त्यात एक खाच, म्हणजे उलटा बसत नाही आणि फोकस लावावा लागत नाही. १२ व्होल्ट ४२/३६ वॅटचा नेहमीचा, नंतर ५०/४० चा आला.

तीन टोप्या एकमेकींत बसत नाहीत, आणि बसवूही नयेत : बीपीएफ, युरोपातला पी४५टी (४५/४० वॅट) आणि एच४ चा पी४३टी (६०/५५ वॅट). चकतीचा मापफरक घासून काढता येईल, पण खरा फरक आत आहे. युरोपियन बल्बात डिप फिलामेंटखाली धातूची वाटी असते. ती खालचा अर्धा रिफ्लेक्टर झाकते आणि वर धारदार रेघ मिळते. बीपीएफ बल्बात वाटी नाही. त्यात डिपलाही अख्खा रिफ्लेक्टर वापरला जातो आणि उजेड वळवायचं काम फिलामेंटची जागा आणि काचेचे कापे मिळून करतात. वाटीचा बल्ब बीपीएफच्या काचेत घातला तर ना धार मिळते ना पसर.

मार्ग दोन. पहिला, बीपीएफ टोपीचेच हॅलोजन बल्ब मिळतात ते घाला, रिले लावा, बस. काच मूळची राहते. दुसरा, अख्खं सात इंची युनिट बदला, काच-रिफ्लेक्टर-एच४ एकत्र. मूळ रिम आणि बाऊलमध्ये (दिव्याच्या बाहेरच्या भांड्यात) बहुतेक वेळा ते बसतं. युनिट घेताना काचेवरचा बाण बघा. दिव्यासमोर उभं राहिल्यावर बाण तुमच्या उजवीकडे दाखवत असेल तर ते डावीकडच्या वाहतुकीचं. बाणच नसेल तर बहुधा उजवीकडच्या वाहतुकीचं, म्हणजे डिपची चढती बाजू थेट समोरच्याच्या डोळ्यात.

लोडचा हिशेब : एच४ अप्पर १० अँपिअर, साइड-टेल सुमारे २, इग्निशन ३-४. सी३९ डायनमो १९ अँपिअरचा, सी४०/१ २२ चा, पण तो आकडा चालत्या गाडीतला. सिग्नलवर आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकणारच.

आगाऊ_पाहुणा
काचेच्या मधोमध काळा ठिपका लावायची आपल्याकडची जुनी रीत होती, ती यावर चालते का?

पितळी_काठ
ठिपका बल्बचा थेट दिसणारा प्रकाश अडवतो, रिफ्लेक्टरवरून येणारा नाही. चकाकी थोडी मरते, झोताची दिशा तीच राहते. दिशा नीट लावलेली असेल तर ठिपक्याची गरज नाही, लावलेली नसेल तर ठिपक्याने भागत नाही.

रिफ्लेक्टरचं मात्र कुणी बोललं नाही. झुकणाऱ्या जुन्या दिव्यांचे रिफ्लेक्टर म्हणजे पितळेवर चांदीचा मुलामा. चांदी काळवंडली की पॉलिशवाल्याकडे न्यायचा मोह होतो आणि तो क्रोम करून देतो, कारण त्याच्याकडे क्रोमची टाकी आहे. क्रोम डोळ्याला झळझळीत दिसतं, पण पडलेल्या उजेडाचा साधारण दोन-तृतीयांशच परत फेकतं. ताजी चांदी नव्वद टक्क्यांहून जास्त. म्हणजे ३५ वॅटचा बल्ब घालून तुम्ही २४ चा उजेड मिळवता. चांदीचाच मुलामा करून घ्या, किंवा अ‍ॅल्युमिनियमचं व्हॅक्यूम कोटिंग. ते चांदीच्या जवळपास जातं आणि काळवंडत नाही. बार्करच्या किंवा पी१०० च्या मोठ्या रिफ्लेक्टरला हा खर्च आधी, बल्बचा नंतर.

रोजच्या सफाईला ब्रासोचं नाव काढू नका. लुकास चांदीवर पारदर्शक लॅकर द्यायचे, ते एका घासणीत जातं. मऊ शॅमॉय चामडं कोरडं फिरवा, नाहीतर हातच लावू नका.

लेस्टरकर
इंग्लंडमधला नियम विचारणारे असतात म्हणून : इथे १ जानेवारी १९३१ आधी पहिल्यांदा वापरात आलेल्या मोटारगाड्यांना डिप-बीम हेडलाइट बंधनकारक नाही. त्यानंतरच्यांना आहे. चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांना एमओटीतून (इथल्या वार्षिक वाहन तपासणीतून) २०१८ पासून सूट आहे, पण गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच.

एलईडीबद्दल. मागच्या स्टॉप-टेलला जरूर लावा, लोड घटतो. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर त्यासाठीचाच घ्या, एलईडीला दिशा असते. हेडलाइटला मी लावणार नाही. चिप दोन चपट्या बाजूंवर असतात, फिलामेंटसारखा चारी बाजूंनी उजेड देत नाहीत, आणि जुन्या रिफ्लेक्टरचं सगळं गणित फिलामेंटवर आहे.

सहा_व्होल्ट
६ व्होल्टवर मात्र मोह होतो. १२ अँपिअरच्या जागी ३-४.

लेस्टरकर
मोह समजतो. पण सोलेनॉइडची यंत्रणा चालू ठेवणार असाल तर अजिबात नाही : बल्ब रिफ्लेक्टरसोबत हलतो, आणि एलईडीच्या मागे पंखा-हीटसिंकचं वजन असतं. स्प्रिंग ते परत उचलत नाही, सोलेनॉइड पूर्ण ओढत नाही, कॉन्टॅक्ट उघडत नाही आणि फ्यूज उडतो. म्हणजे धाग्याच्या पहिल्याच पोस्टवर परत. यंत्रणा बंद करून स्थिर रिफ्लेक्टरमध्ये घालायचाच असेल तर आधी भिंतीवर डिपचा आकार बघा. वरच्या बाजूला उजेडाचा फवारा दिसला तर काढून ठेवा.

बॉनेट_उघडा
शेवटचं काम झोत लावणं. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हरच्या जागी माणूस, टाकी निम्मी. या गाड्यांच्या पाट्या-स्प्रिंग मऊ असतात, रिकाम्या आणि भरल्या गाडीत बराच फरक पडतो. भिंत ७.५ मीटरवर. दिव्यांच्या केंद्रांची उंची आणि दोघांमधलं अंतर भिंतीवर खडूने काढा.

जुने दिवे आणि बीपीएफ : अप्परवर लावायचे. दोन्ही झोतांचे तेजस्वी मध्य खडूच्या खुणांवर किंवा बोटभर खाली, आणि एकमेकांत दिव्यांइतकंच अंतर. डिप मग बल्बच्या रचनेनुसार आपोआप पडतो.

एच४ युनिट : डिपवर लावायचे. रेघेचा सपाट भाग दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली, म्हणजे ७.५ मीटरवर ७.५ सेंटिमीटर.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चकाकीची कसोटी अशी आहे : दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेला माणूस दिपता कामा नये. मित्राला तिथे उभं करा आणि डिपर मारा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या 'व्हीए' नोंदणीत चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको अशी अट आहे. होल्डर आणि वायर बदलणं त्यात येत नाही, पण बाऊल कापून नवीन दिवा घुसवू नका.

कार्बाइड_दिवा
पिव्हट धुतले, कॉन्टॅक्टची फट उघडली. टेबलावर काटा उसळतो आणि लगेच पडतो, फ्यूज टिकतोय. तरी रात्रीसाठी दुहेरी फिलामेंटच करतो. होल्डरला दोन टोकं आहेत आणि एक खरंच अर्थला बांधलेलं निघालं. अप्परचा निळा इंडिकेटर मूळ डॅशवर नाही, तो लावावा का?

तिसरा_ब्रश
लावा. पूर्वी डिपर मारल्यावर एक दिवा विझायचा, ते बसल्या जागेवरून कळायचं. आता दोन्ही पेटलेलेच राहतात. डॅशला भोक पाडू नका. डॅशच्या खालच्या कडेला पत्र्याच्या क्लिपवर २ वॅटचा छोटा दिवा, फीड अप्परच्या रिलेच्या ८७ वरून (दिव्यांकडे जाणाऱ्या टोकावरून), अर्थ क्लिपमधून. रात्री डोळ्यावर आला तर काचेला आतून निळ्या सेलोफेनचा दुसरा थर द्या.